एका तासात संपणारं एकटीचं रोल-प्लेइंग साहस कसं आखू? (नाशिक, बजेट ५०० रु.)

गंगेवरची | रात्री १०:४२
नमस्कार मंडळी. आम्ही चौघी मैत्रिणी दर रविवारी डन्जन्स अँड ड्रॅगन्स (पात्रं घेऊन, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायचा खेळ) खेळायचो. आता दोघी पुण्याला, एक बंगळुरूला, मी इथेच. लेक साडेनऊला झोपते, मग तासभर माझा असतो. एकटीनेच खेळायचं म्हणून दोनदा बसले. दोन्ही वेळा राज्यं, वंशावळी आणि नकाशे काढण्यात आठवडा गेला आणि फासा एकदाही पडला नाही. एका बैठकीत सुरू होऊन संपेल असं साहस हवंय. तुम्ही कसं आखता? काय विकत घेऊ? बजेट ५०० रुपये, त्यावर एक रुपया नाही. मोबाइल-लॅपटॉप नको, दिवसभर तेच बघते.

वीसबाजू | रात्री १०:५८
फाशांवर कंजुषी करू नका, एवढंच सांगेन. मी धातूचा सात फाशांचा संच घेतला, २८०० ला. वर मखमली ट्रे. हातात घेतला की वजन कळतं, खेळायची इच्छा आपोआप होते. चार वर्षं झाली, एक कोपरा झिजलेला नाही.

सह्यवेडा | रात्री ११:२०
ताई, डोळे झाकून आयर्नस्वॉर्न. शॉन टॉमकिनचा खेळ, २०१८ चा, मूळ नियमांची पीडीएफ फुकट आहे. एकट्याने खेळता येईल असाच बेतलाय. सहा बाजूंच्या फाशाच्या आकड्यात आपल्या पात्राच्या गुणाचा आकडा मिळवायचा आणि ती बेरीज दहा बाजूंच्या दोन फाशांशी ताडून बघायची. दोन्हींच्या वर गेलात तर काम फत्ते, एकाच्याच वर गेलात तर काम होतं पण काहीतरी मोजावं लागतं, एकाच्याही नाही तर संकट. मी अख्खी पीडीएफ छापून स्पायरल करून घेतली, साडेआठशे गेले. वर दुकानदाराने मधली सोळा पानं उलटी लावली. पुन्हा छापून द्यायला तयार नाही.
साहसासाठी जागा म्हणाल तर रामशेज. मोगलांना पाच वर्षं दाद न देणारा किल्ला आपल्या दारात असताना ड्रॅगन कशाला?

गंगेवरची | रात्री ११:२६
साडेआठशे म्हणजे बजेटच्या बाहेर, दादा. आणि पीडीएफ वाचायला पुन्हा स्क्रीनच.

दोनचफासे | रात्री ११:५१
विकत काही घेऊ नका. घरात सापशिडीचा फासा असेलच. खरी अडचण आखणीची आहे. मीही वर्षभर नुसतं जगच बांधत होतो.
पानावर तीन ओळी लिहा. कोणाला काय हवंय. आडवं काय येतंय. वेळ कधी संपते. चौथी ओळ लिहायची नाही. जागा एकच, प्रसंग तीन.
बाकी सगळं खेळताना विचारायचं, आणि प्रश्न हो-नाहीचाच. ‘दाराआड काय आहे?’ असं विचारलंत की पुन्हा तुम्हीच लेखिका. ‘दाराआड कोणी जागं आहे का?’ असं विचारा. तसं असणं शक्य वाटत असेल तर तीन किंवा वर आलं की हो, अवघड वाटत असेल तर पाच किंवा सहालाच हो, काहीच अंदाज नसेल तर चारपासून हो. एक आला तर नाही, आणि वर काहीतरी बिघडतं. सहा आला तर हो, आणि वर काही हाती लागतं. उत्तर मनात आधीच ठरलेलं असेल तर फासा टाकूच नका, ते घडलं असं धरून पुढे जा.
माझ्यासाठी सगळ्यात मोलाची तिसरी ओळ ठरली. वेळ संपायची सोय नसली की एकट्याचा खेळ रेंगाळतो, कारण उठा म्हणणारं कोणी नसतं.

वीसबाजू | सकाळी ८:०५
सापशिडीचे फासे हलके असतात, नीट घरंगळत नाहीत. पुन्हा सांगतो, धातूचेच घ्या.

पंचवटीकर | सकाळी ९:१४
+१ दोनचफासे. मीही तेच सांगणार होतो, तीन ओळी.
वेळेसाठी पूर घ्या की! गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जाऊन नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतं. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. याहून चांगलं घड्याळ कुठे मिळेल?

जुनानाशिककर | सकाळी ९:४०
मारुती फार लवकर बुडतो. खरं माप नारोशंकराच्या देवळाची घंटा. घंटेला पाणी लागलं की महापूर, असं वडील सांगायचे. १९६९ चा पूर त्यांनी पाहिला होता. हल्ली दोन पायऱ्या बुडाल्या तरी लोक व्हिडिओ काढायला उभे राहतात आणि मदत करणाऱ्यांना वाट मिळत नाही.

पंचवटीकर | सकाळी ९:५२
आमच्याकडे सरकारवाड्याच्या, म्हणजे जुन्या पेशवेकालीन वाड्याच्या, पायऱ्या मोजतात. घंटा शेवटची, मान्य.

सह्यवेडा | सकाळी १०:३०
पुरात लढाई नाही, शत्रू नाही. ताई, रामशेजच घ्या. आणि स्वतःच्या गावावर खेळू नका, सगळं माहीत असतं, आश्चर्य उरत नाही.

दोनचफासे | सकाळी १०:४४
या शेवटच्या मुद्द्याला अनुमोदन. ओळखीच्या जागेत कल्पना अडखळते. फासा मात्र सापशिडीचाच.

गंगेवरची | तिसऱ्या दिवशी, रात्री ११:३५
सगळ्यांचे आभार. काल खेळले. रामशेज घेतला नाही, फासेही नाहीत. घरातला पत्त्यांचा जुना कॅट काढला, आणि जागा माझ्याच गावची.
तीन ओळी अशा. सराफ बाजारातल्या पेढीच्या मुनिमाला गहाणाच्या वह्या बाहेर काढायच्यात. मालक माडीवर आहे आणि खाली यायला तयार नाही. पाणी मारुतीच्या गळ्याला लागलं की खेळ संपला.
लाल पत्ता हो, काळा नाही. चित्र आलं तर भानगड. आणि दर इस्पिकाला पाणी एक टप्पा वर, पाऊल, गुडघा, कंबर, छाती, गळा. हिशोब केला, बावन्न पत्त्यांत पाचवं इस्पिक सरासरी एकोणिसाव्या पानाला येतं. पानामागे तीन मिनिटं धरली तर जवळपास तास.
दादा, आश्चर्याचं म्हणाल तर, ‘वह्या खालच्या कप्प्यात आहेत का?’ विचारलं आणि इस्पिकची राणी निघाली. म्हणजे नाही, भानगड, आणि पाणी कमरेला, तिन्ही एकदम. वह्या मालकाच्या उशाशी निघाल्या. तो खाली का येत नव्हता ते मला तेव्हा कळलं. कितीतरी गहाणं फिटलेली, पण वहीत अजून बाकी दाखवलेली. त्या गल्लीतून मी रोज भाजी आणते, तरी हे मला ठाऊक नव्हतं.
सतराव्या पानाला पाणी गळ्याशी आलं. मुनीम वह्या घेऊन निघाला, मालक माडीवरच राहिला.
पाचशेपैकी एकशे वीसची जाड वही आणली, बाकीचे परत डब्यात ठेवले. पुढचा खेळ त्याच मुनिमाचा, पूर ओसरल्यावरचा. पाणी उतरताना मोजायचं असेल तर किलवर घेऊ की बदाम?

वीसबाजू | रात्री ११:४९
बदाम घ्या. आणि पत्ते तरी प्लॅस्टिकचे चांगले घ्या, माझ्याकडे आहेत, ९०० चे.