बायोमेडिकल इंजिनिअरिंगला नीतिशास्त्राचा तास हवा की नको?

वारज्याची मास्तरीण
पुण्यातल्या एका कॉलेजात अकरा वर्षं बायोमेडिकल शिकवते आहे. नीतिशास्त्र आमच्याकडे ऑडिट कोर्स. मार्क नाहीत, हजेरी लागली की झालं. पोरं मागच्या बाकांवर बसून दुसऱ्या विषयाची जर्नलं उतरवतात.

यंदा फायनल इयरच्या एका गटाने पल्स ऑक्सिमीटर केला. चौघांनी आपापल्या बोटांवर लावून पाहिला, आकडे बाजारातल्या यंत्राशी जुळले, सगळे खूश. व्हायव्हात मी विचारलं, "तुमच्यापेक्षा सावळ्या हातावर लावलात का?" चौघेही गप्प.

डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या रुग्णांचे आकडे आले होते. ऑक्सिमीटर ऑक्सिजन ९२ ते ९६ टक्के दाखवतोय आणि रक्तात प्रत्यक्ष ८८ च्याही खाली, असं गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा घडलं, कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के वेळा. कोविडमध्ये आपण सगळे याच आकड्याकडे बघून आई-वडिलांना दवाखान्यात न्यायचं की नाही ते ठरवत होतो!

माझं म्हणणं स्पष्ट आहे. वेगळा तास बंद करा आणि प्रोजेक्टच्या मार्कांतच तीन प्रश्न घाला: कोणावर तपासलं, त्यांना विचारलं होतं का, आणि यंत्र चुकलं तर कोण भोगणार?

चाकणचा क्यूएवाला
मॅडम, ही चाचणीतली चूक आहे, तिला नीतीचं नाव कशाला? मेडिकल डिव्हाइस रूल्स २०१७ आहेत, १ जानेवारी २०१८ पासून लागू. यंत्रांतल्या जोखमीसाठी आयएसओ १४९७१ हे मानक आहे. यंत्र कोणाला कसा अपाय करू शकतं हे त्या जोखीम फाइलमध्ये लिहावंच लागतं. आमच्याकडे क्यूएत, म्हणजे दर्जा तपासणीत, नवीन येणाऱ्या पोरांना ती फाइल कशी दिसते तेही ठाऊक नसतं. आधी ते शिकवा. चांगलं-वाईट घरी शिकून यायचं असतं.

वारज्याची मास्तरीण
सर, फाइल हवीच. पण थेरॅक-२५ आठवा. १९८५ ते ८७ दरम्यान अमेरिका-कॅनडात त्या रेडिएशन यंत्राने सहा जणांना अफाट डोस दिला, त्यातले काही दगावले. आधीच्या मॉडेलमधले हार्डवेअर इंटरलॉक, म्हणजे चुकीचा डोस आपोआप रोखणारी यंत्रणा, काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली होती. पहिल्या बाईने तिथल्या तिथे सांगितलं की मला भाजलंत. उत्तर मिळालं, शक्यच नाही. रुग्ण सांगतोय ते आधी खरं धरून तपासायचं, हे कुठल्या कलमात शिकवतात?

चाकणचा क्यूएवाला
तक्रार हाताळणीच्या कलमात. आज यंत्रातल्या सॉफ्टवेअरसाठी आयईसी ६२३०४ हे मानक आहे, कारण माणसाच्या चांगुलपणावर यंत्र सोडता येत नाही. तुम्ही मनं घडवायला निघालात, मला प्रक्रिया हवी.

वॉर्डातला जुना टेक्निशियन
मी तीस वर्षं हॉस्पिटलांत यंत्रं दुरुस्त केली. एकदा आयसीयूतला मॉनिटर उघडायला घेतला तर बझरच्या भोकांवर कापूस आणि वर चिकटपट्टी, तीन-तीन थर. सिस्टरांना विचारलं. म्हणाल्या, "काका, पेशंटने कूस बदलली तरी बोंबलतो, बारा तास कसं ऐकायचं?" पट्टी लावणं चूकच. पण त्या अलार्मच्या मर्यादा ठरवणारा एक रात्र तिथे बसला असता तर पट्टी लागलीच नसती. त्या मशीनची कागदपत्रं चोख होती हो, साहेब.

मॅडम, तुमचंही एक पटत नाही. तास बंद करू नका. मार्कांत घातलंत की पोरं तीन साच्यातली उत्तरं पाठ करतील. तासच वॉर्डात घ्या, नाइट ड्यूटीला.

फायनल इयर, कर्वेनगर
मॅडम, सगळे आमच्यावरच का? रुग्णांवर तपासायचं तर एथिक्स कमिटीची परवानगी लागते, ती येईपर्यंत सेमिस्टर संपतं. म्हणून हॉस्टेलच्या मित्रांचे ईसीजी घेतले. पुढे नोकरीत 'माल पाठवा' असं मॅनेजर म्हणाला तर पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरचं कोण ऐकतं? घरी एज्युकेशन लोनचे हप्ते आहेत. आम्हाला तत्त्वं माहीत आहेत. नाही म्हटल्यावर पाठीशी कोण उभं राहील, ते सांगा.

वारज्याची मास्तरीण
हे शेवटचं वाक्य मला लागलं, बाळा. त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. कॉलेजात तरी मी उभी राहीन: परवानगी उशिरा आली म्हणून कोणाचे मार्क जाणार नाहीत, अर्धवट चाचणी 'अर्धवट' असं लिहिली तर पूर्ण मार्क. पण मित्रांचे ईसीजी त्यांच्या नाव-नंबरासकट ग्रुपवर टाकलेत का? मागच्या वर्षी एका गटाने तेच केलं होतं, आणि एका मुलाचे अनियमित ठोके साऱ्या हॉस्टेलला कळले. त्याला सगळ्यांत शेवटी. त्यात कमिटीचा काही दोष नव्हता.

फायनल इयर, कर्वेनगर
टाकलेत. आज काढतो. आणि त्या चौघा मित्रांनाही सांगतो.

चाकणचा क्यूएवाला
माझं मत बदललेलं नाही, मार्क देऊ नका. पण जोखीम फाइलचा कोरा नमुना पाठवतो. ऑक्सिमीटरवाल्या पोरांकडून भरून घ्या आणि मला दाखवा, लाल पेनाने तपासून देईन.