मदत हवी आहे: मॅसॅच्युसेट्सची १७८५ची गव्हर्नर निवडणूक

नमस्कार मंडळी. अमेरिकेच्या सुरुवातीच्या राज्यघटनांवर टिपणं काढतेय आणि एका ठिकाणी अडकलेय.

१७८५ साली जॉन हॅन्कॉक गव्हर्नरपदावरून पायउतार झाले. निवडणुकीत जेम्स बोडन आणि थॉमस कुशिंग यांच्यासह कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत. मॅसॅच्युसेट्सच्या १७८०च्या राज्यघटनेप्रमाणे अशा वेळी प्रतिनिधीगृहाने सर्वाधिक मतं मिळवणाऱ्या चौघांतून दोन नावं निवडायची आणि सिनेटने त्यांतला एक ठरवायचा. तसे बोडन गव्हर्नर झाले. मला ही रचना फार विचारपूर्वक केलेली वाटते.

पुढच्याच वर्षी कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांचा शेज उठाव झाला. बोडननी तो सैन्य पाठवून मोडला आणि १७८७ला हॅन्कॉककडून सपाटून हरले.

माझा प्रश्न: विधिमंडळाने निवडलेला गव्हर्नर म्हणून लोकांना बोडन परके वाटत होते का, की राग फक्त कर आणि कर्जवसुलीचा होता? त्या काळची गावनिहाय मतं किंवा सिनेटच्या कामकाजाची नोंद कुठे वाचता येईल? बॉस्टनकडे राहणाऱ्या कुणी तिथलं अभिलेखागार पाहिलं असेल तर प्लीज सांगा, तिथे पत्राने विचारलं तर चालतं का?