शब्द सुचत नसतील तेव्हा

‘प्रार्थनेला बसलं की शब्दच येत नाहीत, मग चर्चमध्ये मिस्सेला (रविवारच्या उपासनेला) जाऊन काय करू?’ हा तुमचा प्रश्न मनाला लागला. वडील गेले त्या वर्षी येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतलं ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ माझ्याही तोंडून फुटेना. शेजारच्या आजी मात्र थरथरत्या बोटांत रोझरी (जपमाळ) धरून ते स्पष्ट म्हणायच्या. त्यांच्या आवाजावर मी कित्येक रविवार काढले. शंका आली म्हणजे श्रद्धा संपली, असं नका मानू. २७ मार्च २०२० रोजी पोप फ्रान्सिस यांनी पावसात, व्हॅटिकनच्या रिकाम्या सेंट पीटर्स चौकात बायबलमधल्या मार्कलिखित शुभवर्तमानातल्या वादळाच्या गोष्टीवर चिंतन केलं. त्यातले शिष्यही घाबरून ओरडलेच होते, आणि येशू त्याच होडीत होता. फादरांशी मोकळेपणाने बोला. या रविवारी नुसतं येऊन बसलात तरी चालेल.