कोल्हापूर–तिरुपती: हवाई अंतर नेमकं किती, विमानाला वेळ किती?

पन्हाळा७२: एका साइटवर अंतर ६५५ किमी दिसतं, दुसरीवर ८०० च्या पुढे. वेळ कुठे ५० मिनिटं, कुठे पावणेदोन तास. सोबत दोन ज्येष्ठ, एकांचे गुडघे दुखतात. उतरल्यावर त्याच दिवशी दर्शन धरावं का?

नकाशावेडा: ८०० च्या पुढचा आकडा रस्त्याचा; बेंगळुरूवरून गेलात तर साडेआठशेच्या आसपास जातो. हवाई अंतर ६५५ बरोबर आहे. ताळा करून बघा. कोल्हापूर विमानतळ अक्षांश १६.६६, रेखांश ७४.२९. तिरुपती १३.६३ आणि ७९.५४. एक अंश म्हणजे साधारण १११ किमी, म्हणून अक्षांशांतला फरक ३.०३ × १११ = ३३६ किमी. रेखांशांतला फरक ५.२५ × १११, पण विषुववृत्तापासून वर येताना रेखावृत्तं जवळ येत जातात, म्हणून त्याला दोन्ही अक्षांशांच्या मध्याच्या, म्हणजे साधारण १५ अंशांच्या कोसाइनने, ०.९६५ ने गुणायचं: ५६२ किमी. दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ ६५५.

चूक हमखास होते ती अंश-कला भरताना. कोल्हापूर १६ अंश ३९ कला आहे, ते १६.३९ असं टाकलं की विमानतळ ३० किमी दक्षिणेला सरकतो. कलांना ६० ने भागूनच भरा.

एटीआर_खिडकी: वेळेतला फरक विमानामुळे पडतो. ५० मिनिटं म्हणजे ६५५ ला ताशी ८०० ने नुसता भागाकार. त्यात चढण, उतरण, धावपट्टीच्या रोखाने घ्यावा लागणारा वळसा काहीच नाही. ७६ आसनी एम्ब्राएर जेट असेल तर हवेत तास-सव्वा तास. एटीआर ७२ पंख्याचं विमान, वेग ताशी ५०० च्या आतबाहेर. त्याला दीड तास सहज. तिकिटावरची वेळ जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची, म्हणून आणखी १०-१५ मिनिटं जास्त. बुकिंग करताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो आधी वाचा.

थेट विमान कोणत्या वारी आहे तेही चालू वेळापत्रकात बघा. हैदराबाद किंवा बेंगळुरूला बदलायचं असेल तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्या. वेगळी तिकिटं काढली आणि पावसाळी ढगांमुळे कोल्हापूरचं विमान लांबलं, तर पुढचं तिकीट बुडतं.

रेणिगुंटा_स्टॉप: दर्शनाबद्दल. विमानतळ रेणिगुंट्याला, तिरुपती शहरापासून साधारण १५ किमी. पुढे तिरुमलाचा घाट, त्याआधी अलिपिरीला प्रत्येक गाडीची आणि सामानाची तपासणी. उतरल्यापासून वर पोचेपर्यंत अडीच तास धराच. विमान संध्याकाळचं असेल तर दर्शनाची वेळ दुसऱ्या दिवशीचीच घ्या, ज्येष्ठांची दमछाक करू नका.

गुडघ्यांसाठी: नुसतं ‘व्हीलचेअर हवी’ सांगू नका. जिना चढता येतो की नाही, हे निदान ४८ तास आधी विमान कंपनीला स्पष्ट कळवा. छोट्या विमानतळांवर बहुधा उघड्यावरून जिन्यानेच चढावं लागतं, आणि उचलून न्यायची खुर्ची किंवा रॅम्प आयत्या वेळी मिळेलच असं नाही.

पन्हाळा७२: जिना चढता येत नाही, तसंच कळवतो. दर्शन दुसऱ्या दिवशी सकाळचं घेतो.

मिरज_जंक्शन: परतीला हरिप्रिया एक्स्प्रेसचं तिकीटही बघून ठेवा. जवळपास अख्खा दिवस जातो, पण खालचा बर्थ मिळाला तर गुडघे दुखणाऱ्यांना पाय पसरायला जागा मिळते.