मदत हवी आहे: 'पाद' कळला, 'फुसकुली'चं काय?

विषय जरा वासाचा आहे, पण शंका खरी आहे. पाचवीतल्या लेकीने 'पादचारी मार्ग' ही पाटी वाचली आणि भररस्त्यात खो खो हसत सुटली. पायाचा 'पाद' वेगळा, हे कसंबसं पटवलं.

घरी येऊन शोधलं तर पाणिनीच्या धातुपाठात (संस्कृत क्रियापदांच्या मूळ धातूंच्या यादीत) चक्क 'पर्द कुत्सिते शब्दे', म्हणजे 'पर्द' हा धातू ओंगळ आवाजासाठी! म्हणजे संस्कृत-प्राकृत-मराठी अशा वाटेने जसं सर्प-सप्प-साप, तसंच पर्द-पद्द-पाद. ग्रीक 'पेर्दोमाई' आणि इंग्रजी 'फार्ट' हेही याच कुळातले. (खानदान मोठं आहे!)

पण 'फुसकुली' कुठून आली? नुसत्या 'फुस्स' आवाजावरून, की 'फुसका बार'मधल्या फुसक्याशी तिचं नातं आहे? आणि कोकणात, विदर्भात बिनआवाजीला काय म्हणतात? जाणकारांनी लाजू नये.