टॉपअप काढून गाडी घ्या म्हणणाऱ्यांनो, आधी हिशेब मांडा

खाडीपूल: काल इथे एकानं छातीठोक लिहिलं की गृहकर्ज बाजारात सगळ्यात स्वस्त, ते लवकर फेडणारे गणितात कच्चे. फ्लॅटचा भाव वाढला की टॉपअप (चालू गृहकर्जावरच मिळणारं वाढीव कर्ज) काढायचा, गाडी घ्यायची, उरलेले फंडात टाकायचे. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. म्हणून लिहितोय.

10 लाखांचा टॉपअप, 8.5 टक्के, मुदत 20 वर्षं: हप्ता 8,678, एकूण व्याज 10 लाख 83 हजार. तेच 10 लाख गाडीच्या कर्जातून, 9.25 टक्के, 5 वर्षं: हप्ता 20,880 च्या आसपास, व्याज साधारण अडीच लाख. दर पाऊण टक्का कमी आणि व्याज चौपट! गाडी 15 वर्षांनी भंगारात जाईल, हप्ता त्यापुढेही 5 वर्षं चालू.

आणि हे काही माझंच रडगाणं नाही. 8 ऑगस्ट 2024 च्या पतधोरणात रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी टॉपअपवरच बोट ठेवलं होतं: तारणाच्या किमतीच्या किती टक्के कर्ज द्यायचं याचे नियम काही ठिकाणी नीट पाळले जात नाहीत आणि पैसा शेवटी कुठे जातो याची देखरेखही होत नाही.

पामबीच: ती पोस्ट माझीच. 20 वर्षं तुम्ही मुद्दाम धरलीत. टॉपअप 5 वर्षांचा घ्या की. हप्ता 20,517, व्याज 2 लाख 31 हजार. गाडीच्या कर्जापेक्षा 22 हजारांनी कमी. शिवाय फ्लोटिंग (बदलत्या दराचं) गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड नाही, फिक्स्ड दराच्या गाडीच्या कर्जाला बऱ्याच ठिकाणी असतो. अर्धंच गणित मांडून लोकांना घाबरवू नका.

खाडीपूल: 22 हजार! आता त्यातून प्रोसेसिंग फी, वकिलाचा मालकीहक्काचा सर्च, व्हॅल्युएशन, वाढीव रकमेवरचं मुद्रांक शुल्क आणि नोटीस ऑफ इंटिमेशनचा (गहाणाची सरकारी नोंद) खर्च वजा करा. उरेल त्यात तलावपाळीला वडापाव खा. आणि 5 वर्षांचा टॉपअप मागतो कोण? शाखेत मूळ कर्जाची उरलेली मुदतच पुढे करतात. हप्ता लहान दिसला की माणूस सही करतो.

रेपोवाला: दोघंही भलतीकडेच भांडताय. फेब्रुवारी 2025 पासून रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना उसने देते तो दर) 6.5 वरून घसरत त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 5.25 वर आला. खरा पैसा तिथे आहे. 50 लाख, 20 वर्षं, दर 8.5 वरून 7.5 झाला तर हप्ता 43,391 वरून 40,280 होतो. तो कमी करून घेऊ नका. जुनाच हप्ता ठेवला तर कर्ज 240 ऐवजी 204-205 महिन्यांत संपतं आणि जवळपास 8 लाख वाचतात. बँकेनं आपणहून हप्ता उतरवला असेल तर मुदत कमी करण्याचा लेखी अर्ज द्या, नवं परतफेडीचं वेळापत्रक मागून घ्या.

उलटी बाजूही लक्षात ठेवा. 6.75 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलेल्या 50 लाखांचा हप्ता 38,018. रेपो अडीच टक्के चढला, दर 9.25 झाला, की नुसतं महिन्याचं व्याज 38,542. हप्ता भरूनही कर्ज वाढणार! कर्ज असं फुगू नये म्हणून तर रिझर्व्ह बँकेचं ऑगस्ट 2023 चं परिपत्रक आलं.

पामबीच: तुमचा दर खरंच 7.5 झालाय का ते बघा आधी. एमसीएलआरवर (रेपोआधीची, बँकेनं स्वतः ठरवलेल्या दराची पद्धत) अडकलेले जुने कर्जदार अजून आहेत. रेपोवर आलेल्यांचाही स्प्रेड (रेपोवर बँक लावते ती भर) नव्या गिऱ्हाइकापेक्षा जास्त असतो. ऑक्टोबर 2025 पासून बँकेला तीन वर्षांच्या आतही स्प्रेड कमी करता येतो, मागा. नाही दिला तर सरळ बॅलन्स ट्रान्सफर, म्हणजे कर्ज दुसऱ्या बँकेत हलवा.

सेक्टर सतरा: सरळ?? नवी मुंबईत, नेरूळ-वाशीत करून दाखवा. जमीन सिडकोची, 60 वर्षांची लीज. नवी बँक गहाणासाठी सिडकोची एनओसी (ना-हरकत पत्र) मागते. मधल्या काळात फ्लॅट नुसत्या पॉवर ऑफ अटर्नीवर (मुखत्यारपत्रावर) एखाद्याच्या हाती गेला असेल तर सिडकोच्या दप्तरी अजून पहिल्याच अलॉटीचं, म्हणजे मूळ वाटप झालेल्याचं नाव. ट्रान्सफर चार्जेस भरून आधी ती साखळी जोडा, मग बँकेची पायरी चढा.

दिवा फास्ट: तुमच्याकडे सिडकोचा कागद तरी आहे. ठाण्याजवळच्या दिवा-मुंब्र्यात ओसीच (भोगवटा प्रमाणपत्र) नसलेल्या इमारती किती! तिथे बँक दारात उभं करत नाही. छोटी फायनान्स कंपनी चढ्या दरानं देते, आणि ते कर्ज पुढे कुठली बँक उचलत नाही. स्प्रेड मागा म्हणे.

सेक्टर सतरा: ओसी नाही हे घेताना दिसत नव्हतं का?

दिवा फास्ट: वाशीचा भाव परवडला असता तर दिव्यात कोण आलं असतं? पायरी चढायला शिकवताय!

रेपोवाला: भांडा सावकाश. कागद असलेल्यांसाठी: जुन्या बँकेकडून फोरक्लोजर लेटर (कर्ज बंद करायला किती भरायचे त्याचं पत्र) आणि कागदपत्रांची यादी घ्या. पहिला मूळ करारनामा त्या यादीत आहे का, ते स्वतः बघा. हरवला असेल तर पोलिसांत नोंद, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत. कर्ज फिटल्यावर मूळ कागद 30 दिवसांत परत मिळायला हवेत, उशीर बँकेचा असेल तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. सरसाईवरचा (गहाणांची केंद्रीय नोंद) जुना बोजा उतरलाय का हे मात्र कोणी बघत नाही, आणि फ्लॅट विकताना तोच आडवा येतो.

खाडीपूल: बॅलन्स ट्रान्सफरचंही गणित करा. 40 लाख, 15 वर्षं, दर 8.5 वरून 8 झाला तर महिन्याला 1,164 वाचतात. खर्च 28 हजार आला तर पहिली दोन वर्षं तो भरून काढण्यातच.

पामबीच: आणि पुढची 13 वर्षं? ती कोणाच्या खिशात?

खाडीपूल: बरं, तुमच्या. ट्रान्सफर मान्य, टॉपअपची गाडी नाही.

पामबीच: उपकार झाले. 20 वर्षांचा टॉपअप चूक, हे मी तरी कुठे नाकारलं?

दिवा फास्ट: ओसीचं काय ते कोणी सांगणार आहे का?