शब्दचर्चा: वायफाय 'बाधतं', 'लागतं' की 'सोसत नाही'?

प्रश्न
एका लेखाचं भाषांतर करते आहे. मोबाइलचे टॉवर, वायफाय यांच्या लहरींमुळे आपण आजारी पडतो असं मानणाऱ्या माणसांबद्दलचा लेख आहे. डोकेदुखी, झोप न लागणं, त्वचेची आग, थकवा अशा त्यांच्या तक्रारी. यासाठी 'विद्युतचुंबकीय अतिसंवेदनशीलता' हा शब्द मिळाला, पण तो वाचकाच्या घशाखाली उतरेल असं वाटत नाही. सोपा मराठी शब्द आहे का? की 'लहरींची अ‍ॅलर्जी' म्हणून मोकळी होऊ?

प्रतिसाद
'अ‍ॅलर्जी' नको. अ‍ॅलर्जीत शरीराची प्रतिकारयंत्रणा एखाद्या पदार्थावर उलटते आणि ते तपासणीत दाखवता येतं. इथे तशी कुठलीच तपासणी नाही. आपल्याकडे 'वावडं' हा इतका नेटका शब्द असताना अ‍ॅलर्जी कशाला? 'त्यांना वायफायचं वावडं आहे.' झालं.

प्रतिसाद
वावडं छान आहे, पण त्यात नावडही मिसळलेली असते. 'त्याला शिस्तीचं वावडं आहे' म्हणताना आपण टोमणाच मारतो. लेखातल्या माणसाला रात्र रात्र झोप नसेल तर हा शब्द त्याची थट्टा करेल. (शेजारीच 'वावडी' बसली आहे. 2020 मध्ये फाइव्ह-जीमुळे करोना पसरतो अशा वावड्या उठल्या आणि ब्रिटनमध्ये टॉवर जाळले गेले. वावडं आणि वावड्या एकाच परिच्छेदात आले तर जपून.)

प्रतिसाद
शब्द शोधण्याआधी एक गाठ सोडवायला हवी. 'अतिसंवेदनशीलता' म्हटलं की कारण मान्य करून झालं: लहरी काहीतरी करतात आणि या माणसांना ते इतरांपेक्षा जास्त जाणवतं. वाद तर नेमका तिथेच आहे.

म्हणूनच 2004 मध्ये प्राग इथे जागतिक आरोग्य संघटनेने भरवलेल्या कार्यशाळेत हे नाव बदलावं असं सुचवलं गेलं. सुचवलेलं नाव मराठीत आणायचं तर 'विद्युतचुंबकीय क्षेत्रांमुळे होते असे मानली जाणारी अज्ञातहेतुक पर्यावरणीय असह्यता' ('अज्ञातहेतुक' म्हणजे कारण माहीत नसलेली). उच्चारतानाच असह्य होतं, पण त्यातलं 'मानली जाणारी' सोन्यासारखं आहे. त्रास आहे हे त्यात कबूल आहे, कारणाची जबाबदारी मात्र मानणाऱ्यावर. डिसेंबर 2005 च्या माहितीपत्रकात संघटनेने हेच म्हटलं: लक्षणं खरी आहेत, पण त्यांचा संबंध विद्युतचुंबकीय क्षेत्रांशी जोडायला वैज्ञानिक आधार नाही.

आधार नाही हे कसं कळलं, तर साध्या युक्तीने. माणसाला खोलीत बसवायचं, यंत्र कधी चालू करायचं, कधी बंद, आणि चालू आहे की बंद हे त्याला ठाऊक नाही, बऱ्याचदा नोंद घेणाऱ्यालाही नाही. संशोधक जेम्स रुबिन आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये असे 31 प्रयोग एकत्र तपासले. त्यांत 725 जण होते. 2010 पर्यंत प्रयोगांची संख्या 46 झाली. लहरी आहेत की नाहीत हे ओळखता येतं असा भक्कम पुरावा त्यांतून मिळाला नाही. उलट यंत्र बंद असताना 'चालू आहे' असं वाटलं तरी डोकं दुखलं, आणि ते खरोखर दुखलं. अपाय होणार या अपेक्षेनेच होणाऱ्या अपायाला 'नोसीबो' म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'मी इजा करीन'. त्याला मराठीत 'मनाचे खेळ' म्हणू नका, हात जोडून विनंती. त्या दोन शब्दांनी माणूस खोटारडा ठरतो.

प्रतिसाद
अवांतर, पण राहवत नाही. वर्तमानपत्रं सर्रास 'टॉवरमधून होणारा किरणोत्सर्ग' छापतात. किरणोत्सर्ग हा युरेनियम, रेडियम यांचा गुण: अणूच्या अस्थिर केंद्रकातून आपोआप किरण बाहेर पडणं. टॉवरमधून निघतं ते 'प्रारण' (रेडिएशन), तेही रेडिओलहरींचं. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्‌झच्या एका फोटॉनची, म्हणजे ऊर्जेच्या एका कणाची, ऊर्जा दिव्याच्या उजेडातल्या फोटॉनच्या सुमारे दोन लाखाव्या भागाएवढी असते. तिने अणूतला इलेक्ट्रॉन सुटा होत नाही. 'किरणोत्सर्ग' वाचला की डोळ्यांपुढे हिरोशिमा येतं. अर्धी भीती या एका चुकीच्या शब्दाने पेरली आहे, असं माझं स्पष्ट मत.

आणि 'लहरी' शब्दही गंमतीचाच. विषाचीही लहर येते आणि माणूसही लहरी असतो.

प्रतिसाद
'बाधा' कसा वाटतो? विषबाधा म्हणतो तसं 'लहरबाधा'.

प्रतिसाद
विषबाधेबरोबर भूतबाधाही येते हो!

प्रतिसाद
माझ्या मावशीला हा त्रास आहे, म्हणून लिहितो. ती यातला एकही शब्द वापरत नाही. ती म्हणते, 'मला वायफाय लागतं.' गाडी लागते तसं. मी कधी विचारच केला नव्हता, पण आता वाटतं शब्द अचूक आहे. ऊन लागतं, वारा लागतो, गाडी लागते. लागणाऱ्याचा दोष नाही, कमकुवतपणाही नाही, फक्त त्याला ते लागतं.

प्रतिसाद
मावशींना नमस्कार सांगा, फार बोलका शब्द दिला. पण तुलना पुढे नेली तर फरक दिसतो. गाडी लागणाऱ्याला डोळे बांधून बसवलं तरी लागते. वायफायच्या प्रयोगांत नेमकं तेच घडलं नाही. आणि मराठीत दृष्टही 'लागते'. म्हणजे हे एकच क्रियापद खऱ्या कारणालाही चालतं आणि मानलेल्या कारणालाही. भाषांतरासाठी याहून सोयीचं काय हवं?

एक व्याकरणाची गोष्ट ध्यानात ठेवा. 'वायफायमुळे डोकं दुखतं' यात कारण ठरून गेलं. 'वायफाय चालू झालं की डोकं दुखतं' यात फक्त क्रम आहे. त्या माणसांचं बोलणं भाषांतरित करताना 'मुळे' ठेवा, कारण त्यांना तेच म्हणायचं आहे. लेखकाचं निवेदन असेल तिथे 'की' पुरे.

प्रश्नकर्ती
मोठी मदत झाली. लेखात आणखी एक जागा अडली आहे: अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँकभोवती 1958 पासून रेडिओलहरींवर निर्बंध असलेला प्रदेश आहे, सुमारे 34,000 चौरस किलोमीटरचा. हा त्रास सांगणारी काही माणसं तिथे राहायला गेली. मी 'शांतता क्षेत्र' लिहिलं होतं.

प्रतिसाद
'शांतता क्षेत्र' वाचून वाचक हॉर्न वाजवायचा थांबेल! 'रेडिओ-शांत प्रदेश' करा. आणि ते निर्बंध मुळात अवकाशातल्या रेडिओलहरी टिपणाऱ्या दुर्बिणीसाठी आहेत, माणसांसाठी नाहीत, हे वाक्यात येऊ द्या. तिथल्या रेडिओ दुर्बिणीला मात्र वायफाय खरोखरच लागतं.